समोरच्या पोत्यावरची म्हातारी

माझ्या सासूला मी घरात आत्याबाई म्हणते. तुम्ही-तुमचं करते, त्या उभ्या असल्या तर मी बाजेवर बसत नाही, आणि त्यांच्या हातून कालवणात मीठ जास्त पडलं तर गुमान ताक पिते. बाजारात मात्र मी त्यांना "ए म्हातारे" म्हणते आणि त्या मला "सटवे" म्हणतात, तेही अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं. आता तुम्ही म्हणाल, काय बाई ही सून! म्हणा. पण आधी सगळं ऐकून घ्या आणि मग नाकं मुरडा.

आमचं गाव लोहारा तालुक्यात, माकणीच्या धरणापासून जवळ. धरणाच्या पाण्यावर आमच्या रानात बारा महिने भाजी असते. वांगी, मेथी, शेपू, चुका, दोडकी, मिरच्या. पिकवतात माझे मालक. पिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, पण विकायला बसवलं की संपलं. गिऱ्हाइकानं "कमी करा की" म्हटलं की ते लगेच कमी करतात, वर मूठभर मिरच्या घालतात आणि "लेकरं बरी हायत न्हवं?" असं विचारतात. एकदा त्यांना एकट्याला बाजारात पाठवलं होतं. पाटी रिकामी करून आले, खिसाही रिकामाच घेऊन आले, आणि जेवताना म्हणाले, "लई चांगली मानसं हायत बगा त्या गावची." त्या दिवशी आत्याबाईंनी ठरवलं, रान लेकाचं आणि बाजार आम्हा दोघींचा.

लग्न नवं होतं तेव्हा आम्ही एकाच पोत्यावर शेजारी-शेजारी बसायचो. धंदा व्हायचा, पण रडतखडत. बायका यायच्या, मेथीची पेंडी उचलायच्या, मुळं हुंगायच्या, भाव विचारायच्या आणि तोंड वाकडं करून "पुढं बघून येते" म्हणायच्या. पुढं गेलेली बाई माघारी येत नाही. मग एका बाजाराला आम्हाला पोचायला उशीर झाला. आमची जागा एका चपलावाल्यानं धरली होती आणि शिल्लक जागेत एकच पोतं मावत होतं. तिथं आत्याबाई बसल्या, आणि मला त्यांनी वाटेच्या पलीकडं, अगदी समोर, एका भांडीवाल्याच्या कडेला बसवलं.

थोड्या वेळानं एक बाई आली. आत्याबाईंशी तिनं पावशेर मिरचीवरून हुज्जत घातली, जमलं नाही तशी फणकाऱ्यानं वळली आणि माझ्यासमोर येऊन बसली. "ती म्हातारी लई ताठ हाय गं," म्हणाली. मी नवी नवरी. सासूला ताठ म्हटल्यावर सुनेनं काय बोलावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी नुसती मान हलवली. तेवढ्यानं बाईला असा काही आनंद झाला की आत्याबाईंनी सांगितला होता त्याच भावात तिनं मिरची घेतली, वर शेपू घेतला, आणि जाता जाता आत्याबाईंना पिशवी उंच करून दाखवली.

परतीच्या टमटममध्ये आत्याबाई माझ्याकडं न बघता वाटभर पैसे मोजत होत्या. मला वाटलं, मान हलवलेली यांनी बघितली, आता काही माझी खैर नाही. गाव जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला निस्ती भाजी नको असती बग. त्येला कुनाची तरी जिरवायची असती. फुडच्या बाजारापसनं तू समोरच बस. आन् मान काय हलवतीस बैलावानी? तोंड दिलंय न्हवं देवानं?"

झालं. तिथून आमचा धंदा सुरू झाला. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून काही केल्या "तू" निघेना. "अहो म्हातारे" असं काहीतरी विचित्र बाहेर पडलं आणि भांडीवाला हातातलं पातेलं खाली ठेवून हसत बसला. पण जिभेला सवय लागायला कितीसा वेळ लागतो? वर्षभरात मी अशी तयार झाले की माझं मलाच नवल वाटायला लागलं.

आत्याबाई सुरुवात करायच्या. माझ्यासमोर कुणी वाकलं की तिकडून आवाज यायचा, "नगं घिऊ बाई तिकडं! काल दिसभर पान्यात बुडवून ठिवलेली मेथी हाय ती!"

मी म्हणायचे, "ए म्हातारे, तुझ्या वांग्यात किडं नांदाया आलेत, त्येंचं आधी लगीन लाव!"

"माझी वांगी बघाया तुझं डोळं तरी जाग्यावर हायत का? सटवे, तुझा दोडका बघून म्हस बी तोंड फिरवंल!"

मग माझ्यावर चिडलेली बाई त्यांच्याकडं जायची, त्यांच्यावर चिडलेली माझ्याकडं यायची. दोघींची भाजी एकाच रानातली, एकाच सकाळी तोडलेली. माझी नणंद ती धुऊन, पेंड्या बांधून दोन पाट्यांत भरायची. कोणत्या पाटीतनं गेली याला आमच्या लेखी काही अर्थच नव्हता. पण गिऱ्हाइकाला होता. काही बायका तर भाजी नको असली तरी भांडण ऐकायला थांबायच्या, आणि एवढा वेळ फुकट उभं राहिलो म्हणून लाजेनं कोथिंबीर तरी घ्यायच्या.

एकदा मात्र सापडता सापडता वाचलो. आता बाजारात सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून सगळ्यांनी मोबाइलचे स्कॅनर लावलेत. आम्हीही दोन पाट्यांना दोन लावले, पण दोन्ही माझ्या मालकांच्याच खात्याचे. एका शाळामास्तरांनी आधी माझ्याकडं पैसे भरले, मग आत्याबाईंकडं भरले, आणि मोबाइलकडं बघत मोठ्यानं म्हणाले, "अहो आजी, तुमचा आणि त्या समोरच्या बाईचा मालक एकच दिसतोय!" आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. आत्याबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "मास्तर, त्या नावाची आमच्या गावात पायलीला पन्नास हायत," म्हणाल्या, "आन् तसल्या बाईचा मालक माझ्या घरात कशाला मरायला यील?" मास्तर बिचारे ओशाळले आणि त्यांनी आणखी चुका घेतला.

आमचा नियम एकच होता. बाजारातलं बाजारात. टमटममध्ये पाय ठेवला की मी पुन्हा सून. वाटेत आम्ही भज्यांचा पुडा घ्यायचो, तो मध्ये ठेवायचो आणि आत्याबाई दिवसाचा हिशोब सांगायच्या, म्हणजे भांडणाचा. "आज त्ये किड्याच्या लग्नाचं ब्येस व्हतं. पर तू लवकर हसतीस. हसू आलं की खाली वाकून मिरच्या निवडाव्या." मी "बरं आत्याबाई" म्हणायचे आणि शेवटचं भजं त्यांच्याकडं सरकवायचे.

आणि घरी? घरी चिडीचूप. दोघींचे घसे बसलेले, आणि जे काही एकमेकींना म्हणायचं असेल ते सगळं म्हणून झालेलं. मला त्यांचं पहाटे भांडी आदळणं आवडत नाही, ते मी बाजारात सांगून टाकते. "ए म्हातारे, तुझ्या घरात भांडी हायत का नगारं?" त्यांना माझं मोबाइलवर बोलत बसणं आवडत नाही, तेही त्या तिथंच ओरडून मोकळ्या होतात. घरी आलं की मनात काही उरतच नाही, तर भांडायचं कशाला? आमच्या गल्लीत घरटी एक भांडण आहे, पण आमच्या घरातनं मोठा आवाज म्हणून कधी बाहेर गेला नाही. आमचं भांडण बघायला आमच्या गावचं कुणी त्या लांबच्या बाजारात येत नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता नणंदेचं सांगते. ती आत्याबाईंची शेवटची लेक, माझ्या मालकांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत जात होती, माझ्याच हातची वेणी घालून. तिचं कॉलेज झालं आणि स्थळं यायला लागली. एकाला नोकरीवाली पाहिजे होती. दुसऱ्यानं पोहे खाऊन तोंड पुसलं आणि रंगावरून काहीतरी बोलला, त्याला तिनंच वाटेला लावलं. मग सोनारीकडचं एक स्थळ आलं. आमच्यापासून लई लांब, परांडा तालुका म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. मुलगा शेतात ठिबकच्या नळ्या बसवून देतो, घरचं थोडं रान आहे. एकदा मामाबरोबर बघून गेला, आई काही आली नव्हती, नंबर दिले-घेतले, आणि मग आमची बाई कानात वायरी घालून वांगी निवडायला बसायला लागली. वांग्यांकडं बघून हसायची. मी कधी आयुष्यात वांग्याकडं बघून हसले नाही, त्यामुळं मला कळायला वेळ लागला नाही.

एके दिवशी पेंड्या बांधता बांधता तिनं सरळ सांगितलं, "वैनी, हितंच जमलं पायजे. न्हाई जमलं तर पुन्यांदा पोह्याची ताटली घिऊन कुनाफुडं मला हुबी करू नका. म्या येनार न्हाई."

जमायला अडचण काहीच नव्हती. मुलाच्या आईची फक्त एकच अट होती. तिच्या थोरल्या सुनेनं भांडून भांडून चूल वेगळी केली होती, आणि त्या बाईनं भांडणाची धास्ती घेतली होती. रूप नको, हुंडा नको, पण पोरगी बिनभांडणाच्या घरातली पाहिजे. मध्यस्थ म्हणाला, "मग हेच घर. सासू-सुनंचा आवाज शेजाऱ्यानं ऐकला नाही." खोटं काय होतं त्यात? आत्याबाई दोन दिवस ताठ मानेनं हिंडत होत्या. सुपारी फोडायला पाहुणे यायचं ठरलं तेही बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. घरात पाहुण्यांची तयारी असली तरी बाजार बुडवून चालणार नव्हतं, कारण तोडलेली मेथी थांबत नाही.

त्या दिवशी आमचं भांडण रंगात होतं. दोघीही खुशीत होतो, आणि खुशीत असलो की आम्ही जास्त चांगलं भांडतो. तेवढ्यात जांभळ्या लुगड्यातली एक उंच बाई माझ्यासमोर येऊन बसली. मनगटावर पुरुषी घड्याळ. मेथी बघितली, आणि समोर मानेनं खुणावत म्हणाली, "ती म्हातारी कशी हाय हो?"

असं दर बाजाराला कुणी ना कुणी विचारतंच. मी पदर खोचला. "कशी असनार? तोंडात साखर न्हाई आन् तागडीत इमान न्हाई. सकाळी उठल्यापसनं किरकिर. माल सडका आन् मिजास नव्या नवरीची."

बाई मन लावून ऐकत होती. "घरात बी अशीच असंल का?" म्हणाली.

ऐकणारं असं मिळालं की मला चेव येतो, हा माझा जन्माचा दोष. "घरात तर इचारूच नका. सून हाय म्हनं तिला एक. मला तर त्या सुनंची कीव येती. कुन्या जन्माचं पाप फेडतीया बिचारी कुनास ठाऊक. देवमानूस असंल, म्हनून टिकलीया!"

माझ्याबद्दल इतकं चांगलं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला अगदी भरून आलं. बाईनं मेथीची एक पेंडी घेतली आणि मोजूनमापून पावलं टाकत समोर आत्याबाईंकडं गेली. बोलणं मला पुरतं ऐकू आलं नाही, पण आत्याबाईंना हळू बोलता येत नाही, त्यामुळं त्यांचं उत्तर सगळ्या ओळीनं ऐकलं. "ती? ती ज्या घरात नांदत असंल त्या घराचं वाटूळं झालं म्हनून समजा! तिच्या सासूला बायांनी हळदकुंकवाला बोलवून सत्कार कराया पायजे!" बाईनं त्यांच्याकडूनही एक पेंडी घेतली आणि गेली. भज्यांच्या वेळी आत्याबाई म्हणाल्या, "ती जांभळ्या लुगड्यावाली लई इचारत व्हती गं." मी म्हटलं, "असंल कुनी रिकामटेकडी."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून अंगणात सडा, रांगोळी, नव्या चादरी. आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात, मी मागं हळदकुंकवाचं ताट घेऊन. गाडी थांबली. आधी मुलाचा मामा उतरला, मग मुलगा, आणि मग मागच्या दारातनं आधी एक पुरुषी घड्याळ बाहेर आलं.

कालचीच जांभळ्या लुगड्यावाली! आत्याबाईंनी जन्मात कपाळाच्या खाली न आलेला पदर एका झटक्यात हनुवटीपर्यंत ओढला. तांब्यातलं पाणी मामाच्या पायावर घालायचं ते चपलेवर घातलं. मी आत पळाले आणि मालकांचा रुमाल जबड्याला बांधून, दाढ दुखतेय असं दाखवत बाहेर आले. मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सकाळी शेंगा फोडून खात व्हतीस की?" अहो, असा नवरा!

बसणं झालं. मामानं हवापाण्याचं, धरणाचं, पिकाचं विचारलं. आत्याबाई पदराआडून कुजबुजून उत्तरं देत होत्या. मामा मालकांकडं वाकून म्हणाला, "आईंचा घसा?" मालक म्हणाले, "काल तर चांगला व्हता." मुलाच्या आईचं यात लक्ष नव्हतं. ती आमच्या अंगणातल्या वळणीकडं बघत होती. वळणीवर एक जुनं पिवळं लुगडं वाळत होतं, अर्धं फाडलेलं.

"काल म्या बाजारातनं मेथी घेतली," ती शांतपणे म्हणाली. "माझी भन असती त्या बाजाराजवळच्या गावाला, तिच्याकडं उतरले व्हते. पोरीची आई त्याच बाजारात भाजी इकती, आसं मध्यस्थ म्हनला व्हता. म्हनलं, सोयरीक करायच्या आदी बाजारात इचारून बघावं. एक पेंडी एकीकडनं घेतली, एक तिच्या दुस्मनाकडनं. भनीच्या घरी सोडायला बसले तर दोन्ही पेंड्यांना बांदलेली चिंधी एकाच लुगड्याची. पिवळ्या. म्या म्हनलं, आसंल बाई. आज बघते तर लुगडं हितं वळनीवर, आन् दुस्मनी बी हितंच."

माझा रुमाल आपोआप सुटला. आत्याबाईंनी पदर वर केला. लपवायला राहिलंच काय होतं? मला स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली नणंद दिसत होती, हातात पोह्याची ताटली, आणि चेहरा असा पांढरा पडलेला की मला तिच्याकडं बघवेना. लेकरागत वाढवलेली पोर, आणि तिचं लग्न आम्ही दोघींनी भर बाजारात ओरडून मोडलं होतं.

"मला एवढंच सांगा," मुलाची आई म्हणाली. "काल खऱ्या व्हता का आज खऱ्या हायसा? माझ्या थोरल्याची चूल भांडनानं मोडली. पोरगा आन् नातू एका भिंतीपलीकडं हायत आन् मला त्यांच्या घरात जाता येत न्हाई. म्या भांडनाला भ्यालेय. म्हनून एवढ्या लांबनं इचारत आले." मामानं टोपी उचलून गुडघ्यावर ठेवली. तो उठायच्या तयारीत होता.

नणंद ताटली घेऊन सरळ खोलीच्या मध्ये आली. "त्ये भांडन खोटं हाय," म्हणाली. "भाजी खपावी म्हनून भांडत्यात. दोघींच्या पाट्या म्याच भरते."

"एवढं जोरात खोटं कुनाला बोलता येतंय?" मुलाची आई म्हणाली.

"येतंय," नणंद म्हणाली, आणि आमच्याकडं वळली. "आई, वैनी, भांडा."

आता बघा. दर बाजाराला गळा फाडून भांडणाऱ्या आम्ही, पण घरात, पाहुण्यांसमोर, डोक्यावर पदर घेऊन भांडायचं कसं? मी घसा साफ केला आणि म्हटलं, "आत्याबाई, तुमची मेथी जरा शिळी हाय, असं मला वाटतंय." आत्याबाई म्हणाल्या, "आसंल बाळा." मामा म्हणाला, "हे भांडन?"

नणंदेनं कपाळावर हात मारला. मग तिनं आईला दंडाला धरून कणगीपाशी बसवलं, मला समोर दाराला टेकून बसवलं, माझ्यापुढं पोह्याची ताटली ठेवली, आईपुढं चहाच्या कपांचा ट्रे. "गिऱ्हाइक पायजे," म्हणाली, आणि इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या नवऱ्या मुलाकडं बोट केलं. "तुमी भाव इचारा." मुलगा लाल झाला. मामाकडं बघितलं, आईकडं बघितलं, उठला, आणि माझ्यासमोर उकिडवा बसून पोह्यांकडं बघत पुटपुटला, "मेथी... मेथी कशी दिली?"

तिकडून बॉम्ब फुटला. "नगं घिऊ तिकडं! गाढवानं तोंड लावलेली मेथी हाय ती!"

मग मला कुठलं घर आणि कुठले पाहुणे! "ए म्हातारे, गाढवाला तरी अक्कल हाय, तुझ्या पाटीकडं त्ये फिरकत बी न्हाई!"

"सटवे, कालचा दोडका आजचा म्हनून इकतीस, तुला लाज हाय का?"

"लाज कुटली? सगळी तू इकून खाल्लीस की!"

मुलगा दोघींच्या मध्ये अडकला होता. त्याला उठावं की बसावं कळेना. आत्याबाई त्याला ओरडल्या, "बघतोस काय, ये हिकडं!" तो गेला. मी ओरडले, "जातोस कुटं, भाव कमी करते!" तो परत आला. आणि तेवढ्यात बाहेर धावण्याचा आवाज आला. शेजारच्या काकू पिठाचे हात तसेच घेऊन आत घुसल्या, त्यांच्या मागं पलीकडचे आजोबा काठी उगारून, त्यांच्या मागं अर्धी गल्ली. "काय झालं? कोन पडलं का हिरीत?" काकूंना धाप लागली होती. "अगं ह्या घरातनं आवाज! जन्मात ऐकला न्हाई! म्या म्हनलं कुनीतरी गेलं!" आजोबा काठी टेकत म्हणाले, "साप निघाला का?"

मुलाच्या आईनं काकूंकडं बघितलं, आजोबांकडं बघितलं, पिठाच्या हातांकडं बघितलं. आणि ती हसायला लागली. अशी हसली की घड्याळाचा हात पोटावर धरून चटईवर आडवी झाली. मामा हसला, गल्ली काही न कळता हसली. माझे मालक तेवढे म्हणाले, "मला वाटलं खरंच भांडलात." डोळे पुसत मुलाची आई म्हणाली, "पोरगी पसंत. घर बी पसंत. आना सुपारी!"

नणंद दाराआड पळाली. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या पोह्यांच्या ताटलीसमोरच मांडी घालून हसत सुटले. पण आत्याबाई थांबल्या नव्हत्या. त्यांचा बाजारातला आवाज एकदा चढला की असा लगेच उतरत नाही.

"हसतीस काय सटवे!" त्या तशाच ओरडल्या. "सुपारी फुटंल आन् ही पोरगी जाईल सोनारीला! रोज सकाळी उठले की तिचं तोंड बघते म्या. आता कुनाचं तोंड बघून उठायचं? सांग की! बोल की आता!"

हे आमच्या भांडणात कधी नव्हतं. खोलीतलं हसणं जागच्या जागी थांबलं. काकूंनी पिठाचा हात तोंडावर ठेवला. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या, पाहुण्यांकडं नाही, लेकाकडं नाही, माझ्याकडं, वाटेपलीकडच्या पोत्यावरून बघतात तशा, उत्तराची वाट बघत. मला हुंदका आला. तो मी गिळला, कारण त्यांनी हाक दिली आणि मी गप्प बसले असं इतक्या वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

"माझं तोंड बघून ऊठ की, म्हातारे!" मी ओरडले. बाजाराचं सोंग सोडून मी त्यांना पहिल्यांदाच तू म्हणत होते. "एवढं काय वाईट हाय का माझं तोंड?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. पदर डोळ्याला लावला, नाक पुसलं.

"तोंड बरं हाय," त्या म्हणाल्या, आवाज अजून बाजारातलाच. "जिभंचा भाव तेवढा लई लावतीस. पर आसू दे. घेतलं म्या."